कुठे हसायचं ते आधी सांगा

नागपुरात अपडाऊनवाल्यांची एक वेगळीच जमात आहे. ही माणसं राहतात एका गावात, पगार घेतात दुसऱ्या गावात, आणि त्यांचं खरं आयुष्य जातं मधल्या रस्त्यावर. मी या जमातीची जुनी, अनुभवी आणि अंगाने बरीच रुंद अशी सभासद आहे. सकाळी नागपूरच्या काटोल नाक्यावर उभं राहायचं, जीप आली की आत शिरायचं, काटोलच्या शाळेत मराठी शिकवायचं आणि संध्याकाळी त्याच जीपमध्ये, त्याच बायकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून परत यायचं. नवऱ्याच्या शेजारी मी आयुष्यात जेवढी बसले नसेन तेवढी या जीपमध्ये बसले आहे. नवऱ्याची याबद्दल काही तक्रार नाही, हे वेगळं.

आता कोणी म्हणेल, एसटी असताना जीप कशाला? तर शाळेत अंगठ्याचं यंत्र बसलं. वेळेच्या आत अंगठा टेकला तर तुम्ही आलात. नाही टेकला, तर वर्गात उभ्या राहून गळा फाडून कविता शिकवत असलात तरी सरकारच्या लेखी गैरहजर. सकाळची पहिली बस पकडायची तर घरातले डबे कोणी करायचे? आणि दुसरी बस काटोलला अशा मुहूर्तावर पोचते की अंगठ्याची वेळ नुकतीच टळलेली असते. म्हणून जीप.

आमची जीप बायकांची. शाळा, बँक, दवाखाना, तहसील अशा ठिकठिकाणच्या आम्ही दहाजणी, आणि चालवायला एक भाऊ, ज्यांनी बायकांचं बोलणं ऐकू न येण्याची विद्या कमावली होती. या जीपचे कायदे होते. पुढची सीट सर्वांत जुन्या बाईची. मधली रांग त्यानंतरच्या जुन्यांची. मागच्या समोरासमोरच्या आडव्या बाकांवर नव्या, आणि सगळ्यांत नवी तिथे, जिथे पायाखाली स्टेपनीचं चाक येतं. तिथे बसलेल्या बाईचे गुडघे हनुवटीला लागतात. शेवटचा कायदा असा, की सीट सोडायची तर बदली बाई आणून द्यायची. गाडी भरलेली राहिली पाहिजे. बदली नाही तर सुटका नाही.

हे सगळे कायदे ज्यांनी केले त्या पुढच्या सीटवर बसत. त्यांना आम्ही कॅप्टन म्हणायचो.

कॅप्टनबद्दल मी वाईट बोलायला लागले तर मला आधी चांगलं बोलावं लागेल. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा याच बाईने हीच जीप अर्ध्या रस्त्यातून वळवली, त्याला घरून उचलून धंतोलीत दवाखान्यात नेलं, आणि ईसीजीचा कागद हातात येईपर्यंत बाकावरून उठली नाही. कोणाच्या मुलीचं लग्न असो की कोणाच्या सासूचं मरण, कॅप्टन कंबर कसून हजर. हसणं असं की पुढच्या ट्रकवाल्याने वळून पाहावं. अशा बाईशी भांडायचं कसं, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. मला तो सुटला नव्हता.

आणि मागे, स्टेपनीवर पाय घेऊन, माझी मैत्रीण.

ती आमच्याच शाळेत गणित शिकवते. बदलीवर आली तेव्हा चाळिशीच्या आसपास होती. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. नागपुरात भावाच्या घरी राहायची. ते घर मी एकदाच पाहिलं. तिथे तिला कोणी टाकून बोलत नव्हतं, कारण तिथे तिच्याशी कोणी बोलतच नव्हतं. सकाळी सगळ्यांचे डबे करायचे, संध्याकाळी सगळ्यांच्या पोळ्या करायच्या, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या अरुंद खोलीत झोपायचं. त्या घरातून बाहेर पडायचं एकच दार तिच्याजवळ होतं, आणि ते म्हणजे ही नोकरी.

ती बोलत नसे, म्हणजे अगदी नसे. पण तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता आणि मधली भिंत पातळ. त्या भिंतीतून मी जो आवाज ऐकला तो खणखणीत होता. "चुकलास? छान! आता कुठे चुकलास ते आपण सगळे मिळून शोधू." आणि चाळीस पोरं अशी खिदळायची की माझ्या वर्गातल्या पोरांना वाटायचं आपण चुकीच्या तासाला बसलो. मी नाटकवाली बाई. स्नेहसंमेलनात पोरांकडून नाटकं बसवून घेते, हातवारे केल्याशिवाय मला वेळसुद्धा सांगता येत नाही. मला त्या आवाजाचा मोह पडला. मी मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसायला लागले. मी बोलायची, ती ऐकायची. अशी मैत्री फार सोयीची असते.

जीपमध्ये मात्र तिचा आवाज काटोल नाक्यावरच उतरून जायचा.

कॅप्टनने ते पहिल्याच आठवड्यात हेरलं. तिचं नाव ठेवलं 'सायलेंट'. आणि मग एक खेळ काढला. सायलेंट दिवसभरात किती शब्द बोलते ते मोजायचा.

"गुड मॉर्निंग, सायलेंट!"

"गुड मॉर्निंग," ती पुटपुटायची.

"दोन झाले वं बाई! सकाळी सकाळी उधळपट्टी लावली हिनं. डब्यात काय आणलं?"

"मेथी."

"तीन! बस्स, आता पुरवून वापर. काटोल दूर आहे."

आणि जीप हसायची. सगळ्या. कॅप्टनच्या हुकमावरून भाऊंनी आतला आरसा असा तिरपा करून ठेवला होता की पुढच्या सीटवरून मागचं स्टेपनीवालं तोंड बरोबर दिसावं. भाऊ बिचारे मागचा रस्ता बाहेरच्या आरशात पाहून चालवायचे. एकदा ती बसल्या बसल्या डुलकी घेत होती, तोंड जरासं उघडं पडलं होतं, तर त्याचा व्हिडिओ निघाला, त्याला गाणं लागलं आणि तो जीपच्या ग्रुपवर आला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यानंतर ती जीपमध्ये कधी झोपली नाही. थकून डोळे मिटायला लागले की स्वतःच्या हाताला चिमटा घेताना मी तिला पाहिलं आहे.

मी काय केलं? मी आधी सरळ मार्गाने गेले.

"कॅप्टन, सोडा ना तिला," मी म्हटलं. "नसेल बोलायचं एखादीला."

"अरे बाप्पा! हिनं तर वकील लावला," कॅप्टन मागे वळून म्हणाल्या. "काय वं सायलेंट, वकिलाची फी कशात देतं? शब्दात तर तुले परवडणार नाही."

जीप पुन्हा हसली. मग त्या माझ्याकडे पाहून अगदी मायेने म्हणाल्या, "अवं, आपली समजून मजाक करून राहिलो. परक्या माणसाची कोणी मजाक करते का? तुले काहून लागलं?"

तेव्हा वाटेतलं पहिलं गाव फेटरीसुद्धा आलं नव्हतं. बाहेर कुठे भांडण झालं तर माणूस तरातरा निघून जाऊ शकतो. जीपमध्ये भांडण झालं की तुम्ही आणि ज्याच्याशी भांडलात तो, दोघंही तसेच बसून राहता. खिडक्या बंद, एसी चालू, डाव्या खांद्यावर कोणाचं तरी डोकं, आणि रस्ता संपत नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी त्या दिवशी कळमेश्वर येईपर्यंत खिडकीतून कापसाचं एकेक झाड पाहिलं.

त्यानंतर खेळ वाढला. शब्द मोजण्यासोबत आता 'वकीलसाहेबां'ना सलाम सुरू झाला.

एक दिवस मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "ताई, मी दिवाळीनंतर नोकरी सोडून देते."

मी हातातली पोळी खाली ठेवली. "आणि?"

"आणि काय? घरी राहीन."

त्या अरुंद खोलीत. दारच बंद करून. जीपमध्ये बसावं लागू नये म्हणून ही बाई आयुष्यातलं एकमेव दार लावून घ्यायला निघाली होती. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबशील ना? मग मी पाहते काय करायचं ते."

आणि मी जे केलं त्याचा मला त्या वेळी फार म्हणजे फार अभिमान वाटला होता.

मी हिशेब मांडला. कॅप्टनला मजा पाहिजे. रस्ता लांब आहे. मजा मी पुरवली तर? जीप नाक्यावरून निघाल्यापासून काटोलपर्यंत मी श्वास न घेता बोलत राहिले, तर शब्द मोजायला वेळ मिळणार कोणाला?

सोमवारी जीपचं दार लागलं आणि मी तोंड उघडलं. आमच्या चुलत सासऱ्यांच्या वरातीची गोष्ट. घोडी आणली ती टांग्याची. नवरदेव वर बसले, बँड सुरू झाला, आणि घोडीने आपला रोजचा रस्ता धरला. जिथे टांगा थांबायचा तिथे ती थांबणार. पोस्टासमोर थांबली. दवाखान्यासमोर थांबली. मग गेली ती थेट देशी दारूच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली, आणि काही केल्या हलेना. दुकानदार बाहेर आला, बाशिंगाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, आज लवकर?" तेवढ्यात समोरून मुलीचा बाप.

कॅप्टन इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. काटोल आलं. कोणीही एकही शब्द मोजला नव्हता. मागे पाहिलं तर माझी मैत्रीण खिडकीबाहेर पाहत होती, आणि तिला कोणी पाहत नव्हतं. मला त्या क्षणी पडदा पडल्यावर टाळ्या ऐकू येतात तसं झालं.

मग काय विचारता. रोज जाताना एक खेळ, येताना एक खेळ. माहेरचे नातेवाईक पंधरवड्यात संपले. सासरचे पुरवून पुरवून वापरले. त्यानंतर मी नवे नातेवाईक निर्माण करायला लागले. मला एक मामा झाले, त्यांना दोन बायका झाल्या, त्यातली एक भुताला घाबरायची आणि दुसरी तिला घाबरवायची. मामा विहिरीत पडले, झाडावर अडकले, सीताबर्डीत साड्यांच्या दुकानात बाहुली समजून एका बाईने त्यांना हात लावला. रस्त्याचं काम निघालं आणि गाडी अर्धा तास जास्त उभी राहायला लागली, तेव्हा मला मामांना आणखी एक सासुरवाडी द्यावी लागली. घरी भाजी चिरताना मी पुटपुटायची, तर नवरा विचारायचा, "आज कोण मरून राहिलं?"

घसा बसला. गुळण्या करून गेले. ताप आला. तापात गेले. रजा घ्यायची सोय नव्हती, कारण मी नसले तर जीपमध्ये ती एकटी. मी बसायचे मधल्या रांगेत, खिडकीपाशी, चांगल्या सीटवर, पण बसायचे कसली? फाशी लांबवायला शब्दाला शब्द जोडत असायचे. एक गोष्ट संपत आली की दुसरीचं टोक हाताला लागलं पाहिजे. मध्ये थोडीही फट पडली की कॅप्टनचे डोळे आरशाकडे जाणार.

आणि गेलेच. मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्या कारणाने गेले.

मामा झाडावरून पडले त्या दिवशी सगळी जीप हसत होती आणि कॅप्टन एकदम म्हणाल्या, "अवं पाहा, पाहा! सायलेंट हसूनच नाही राहिली. काय वं, समजलं नाही का? मॅडम, हिच्यासाठी पुन्हा सांगा. हळूहळू सांगा."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद कसा लागतो ते तुम्हाला माहीत आहे. सगळ्या वळून तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. ती हसली. ओठ ताणले, दात दाखवले, आणि पुन्हा मिटले.

त्या दिवसापासून खेळ बदलला. शब्द कोणी मोजेना. आता मी हशाच्या जागी आले की सगळ्या डोकी वळवून मागे पाहायच्या. हसली का? किती उशिराने हसली? "ट्यूबलाइट लागली!" कॅप्टन ओरडायच्या. मी विनोदाच्या जागा टाळून पाहिल्या. तर मी मध्येच थांबले, श्वास घेतला, तिथेही लोक वळायला लागले. मग मी एक रडकी गोष्ट काढली. मामांची थोरली बायको वारली. मी अशी मारली तिला की दवाखान्यातल्या सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला, बँकेतल्या मॅडमचा चष्मा भिजला. आणि पुढून आवाज आला, "दगड आहे दगड! पाणी नाही हिच्या डोळ्यात."

याच आठवड्यात तिने मला स्टाफरूममध्ये बाजूला घेतलं. स्वतःहून. असं कधी झालं नव्हतं.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"उद्याची गोष्ट मले आज सांगाल का? पूर्ण नाही. फक्त कुठे हसायचं ते आधी सांगा. म्हणजे मी तयारीनं बसते."

मी खुर्ची ओढून बसले.

"त्या दिवशी माझं चुकलं," ती सांगत होती, गणितातली चूक सांगावी तशी. "मामा झाडावरून पडले तिथं सगळ्या हसल्या. पण मले वाटलं त्यांचा पाय मोडला असन. तुम्ही मागं एकदा सांगितलं होतं ना, विहिरीत पडले तेव्हाच तो पाय दुखावला होता."

"अगं," मी म्हटलं, "मला मामा नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"एकही नाही. माझ्या आईला भाऊच नव्हता."

"आणि त्या दोघी?"

"त्याही नाहीत."

"मी त्यांच्या पायाची काळजी करून राहिली होती," ती म्हणाली, आणि मग ती हसली. खरोखरची हसली, भिंतीपलीकडून पोरांसोबत ऐकू यायचं तसं. शिपाई दारातून डोकावून गेला. हसता हसता तिने डोळे पुसले आणि मग अगदी सहज म्हणाली, "आधी नुसतं गप्प बसावं लागे, ताई. ते मले जमते. आता हसावं लागते."

घंटा झाली आणि ती वर्गावर गेली. मी तिथेच बसून राहिले. बोलणं थांबवावं तर जुना खेळ सुरू होणार. चालू ठेवावं तर नवा. दिवाळी जवळ येत होती.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज बोलायचं नाही. घसा बसल्याचं सोंग केलं, गळ्याला मफलर गुंडाळला, खुणेने सांगितलं. सोंग उत्तम वठलं. जीप गप्प. फेटरी गेलं. कॅप्टनने दोनदा जांभई दिली. मग त्या आरशात पाहून म्हणाल्या, "चला, आज सायलेंट गोष्ट सांगन."

मागे काही हालचाल नाही.

"सांग वं. तुझ्या भावाची सांग, भावजयीची सांग. इतके दिवस फुकटात ऐकली ना?"

काही नाही. तेव्हा कॅप्टन म्हणाल्या, "भाऊ, गाडी घ्या बाजूले."

भाऊंनी पाहिलं त्यांच्याकडे. मग गाडी बाजूला घेतली. एका बाजूला खडीचा ढीग, दुसऱ्या बाजूला संत्र्याचा बगीचा, तारेचं कुंपण.

"ही बोलल्याशिवाय गाडी हलणार नाही. एक वाक्य. बस्स. एकच वाक्य बोल आणि चल."

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग कोणीतरी घड्याळ पाहिलं. अंगठा फक्त आमच्याच शाळेत होता असं नाही, सगळीकडे होता. "बोल ना वं," सिस्टर म्हणाल्या. "माझी ड्यूटी आहे." बँकेच्या मॅडम म्हणाल्या, "काहीबी बोल ना, बाई, काय जाते तुझं?" आणि बघता बघता गाडी कोणी थांबवली हे सगळ्या विसरल्या. उशीर तिच्यामुळे होत होता. आठ बायका त्या एका बाईवर वाकल्या होत्या, "बोल, बोल", आणि ती स्टेपनीवर गुडघे घेऊन समोरच्या पत्र्यातल्या एका खिळ्याकडे पाहत होती. मी मफलर ओढून काढला आणि म्हटलं, "मी सांगते, चला, मामा एकदा..."

"तू नाही," कॅप्टन म्हणाल्या. "तिनं."

तेव्हा तिने हात मागे नेला, मागच्या दाराची कडी काढली आणि खाली उतरली. पर्स खांद्याला लावली आणि काटोलच्या दिशेने चालायला लागली. रागाने नाही, घाईने नाही. शाळेच्या व्हरांड्यात चालते तशी.

माझं उतरणं इतकं देखणं झालं नाही. माझ्या बाजूचं दार खडीच्या ढिगाने अडलं होतं, आणि मधल्या रांगेतून मागच्या दाराने निघायचं म्हणजे दोघींच्या मांडीवरून जाणं. साडी कशात तरी अडकली, मी दारात अडकले, मला सिस्टरांनी मागून ढकललं तेव्हा मी खडीच्या ढिगावर आले. जीप आमच्या बाजूने थोडं अंतर हळूहळू चालली. कॅप्टन काच खाली करून म्हणत होत्या, "अवं बसा! मजाक केली! काय लहान लेकरासारखं!" त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी सांगितलं पाहिजे. मग कोणीतरी आतून म्हणालं, "अंगठा!" आणि जीप गेली.

बस आली ती बऱ्याच वेळाने. आम्हाला शेवटचा बाक मिळाला. त्या बसमध्ये कोणाला काही सांगायचं नव्हतं, तरी माझं तोंड सवयीने उघडत होतं आणि मी ते मिटत होते. कळमेश्वर मागे पडलं तेव्हा ती बोलली.

"काटोलले मी एक खोली पाहून ठेवली आहे. शाळेच्या मागंच. बाई एकटीच राहते, वरची खोली देते म्हणते."

मी जवळजवळ उभी राहिले. "कधी पाहिलीस?"

"पोळ्याच्या आधी."

"आणि मला आत्ता सांगतेस? एवढे दिवस काहून नाही सांगितलं?"

ती जराशी संकोचली. "तुम्ही गोष्ट सांगून राहिल्या होत्या."

पुढे जे झालं त्यात माझी कला कुठेही कामाला आली नाही. भावाला तिने स्वतः सांगितलं. काय सांगितलं मला माहीत नाही, पण "एकटी बाई, लोक काय म्हणतील" हे तो म्हणाला असणार, कारण तेच वाक्य मला फोन करूनही त्याने दोनदा ऐकवलं. शेवटी त्याने खोली पाहायला येतो म्हटलं. आला, दाराची आतली कडी लावून पाहिली, काढून पाहिली, चहा न घेता गेला.

कॅप्टनचा कायदा मात्र राहिला होता. "जाऊ दे तिले, मले काय," त्या म्हणाल्या. आवाजात खरंच दुखावल्याचा सूर होता. "पण सीट भरून दे म्हणा. बदली आण आणि जा." आणि स्टेपनीवर पाय ठेवून बसायला तयार असलेली बाई उभ्या नागपुरात नव्हती. मी विचारून पाहिलं होतं. शेवटी एक नवी मुलगी कशीबशी तयार झाली, पण तिला त्या आरशाखाली नेऊन बसवायचं या कल्पनेनेच माझी पावलं मागे आली.

तेव्हा मला एक साधी गोष्ट सुचली. मधल्या रांगेतली खिडकीची सीट त्या आरशात येत नव्हती! माझी सीट.

"मी मागे जाते," मी कॅप्टनना म्हटलं. "तिच्या जागेवर. सीट माझी आहे, तिथे त्या नव्या मुलीला घ्या."

"वेडी झाली का?" त्या म्हणाल्या. "तू तिथं मावणार आहे का?"

"मावत नाही. बसणार आहे."

दिवाळीनंतर तिने नोकरी सोडली नाही. एक गादी, एक टेबल आणि कुकर घेऊन ती काटोलला राहायला गेली. सामान आमच्याच जीपच्या टपावरून गेलं. कॅप्टनने दोरी स्वतः बांधली, घट्ट, आणि गाठी मारताना एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी मागे बसते. गुडघे हनुवटीला लागतात. गोष्टी बंद केल्या आहेत. सुरुवातीला कॅप्टन रोज म्हणायच्या, "मॅडम, मामांचं पुढं काय झालं?" मी म्हणायची, "वारले." आता त्यांनी माझ्या बसण्याच्या पद्धतीवर, माझ्या आकारावर, हाश्शहुश्श करण्यावर हसणं सुरू केलं आहे, आणि त्या नव्या मुलीवर डोळा ठेवून मी त्यांना ते भरपूर पुरवते. ते मला जड जात नाही, असं मी म्हणणार होते. जातं. मागची खिडकी उघडत नाही, आणि ती मुलगी जीपमध्ये आहे तोवर मला उतरायची सोय नाही.

परवा शनिवार होता, अर्धी शाळा. जीप यायला वेळ होता म्हणून मी तिच्या खोलीवर गेले. खिडकीला तिने जुन्या साडीचा पडदा लावला आहे. आम्ही जमिनीवर बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होतो, आणि ती घरवालीच्या मांजराची गोष्ट सांगायला लागली. मी विचारलं नव्हतं. किती वाईट सांगितली म्हणून सांगू! शेवट आधीच सांगून टाकला. मग मांजर कोणतं ते सांगायचं राहिलं म्हणून मागे गेली. मग घरवालीच्या दिराच्या दुकानाकडे वळली, जिथे मांजराचं काही काम नव्हतं. माझी जीभ शिवशिवत होती. त्या गोष्टीचं मी काय सोनं केलं असतं! मी शेंगा सोलत राहिले.

ती मांजराला पुन्हा पायऱ्यांवर आणत होती तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

तिचा हात थांबला. दोन्ही खांदे जरासे वर गेले आणि ती भिंतीकडे सरकली, खिडकीपासून लांब, खाली उभ्या असलेल्यांना दिसणार नाही अशी. हॉर्न पुन्हा वाजला. "मॅडम! चला वं!" कॅप्टनचा आवाज.

"जा ताई," ती हळूच म्हणाली. "बाकीचं सोमवारी सांगते. पहिला तास झाल्यावर."

मी खाली उतरले, पाय वर घेऊन मागच्या बाकावर बसले आणि आतून दार ओढून घेतलं.